आतल्या बाजूची पाटी

बाकीची माणसं भातावर नाहीतर पोळीवर जगतात. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान पाट्यांवर जगतात. यात माझ्या पदरचं काही नाही. त्यांच्या हैदराबादेतल्या बरकतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं की चपलांच्या रॅकवरच पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत लिहिलेलं दिसतं, 'आधी फोन कर, मग चप्पल घाल.' आत फ्रीजवर, 'जेवलास का? आधी जेव.' गोळ्यांच्या डबीवर बारीक ब्रशने, 'बरं वाटतंय म्हणून बंद करू नकोस.' बाल्कनीच्या दारावर, 'थोडा वेळ उन्हात उभा राहा. विचार नंतर.' आणि खाली स्कूटरच्या हँडलवर एकच शब्द, 'वळ.' नवखा माणूस आपण कुणाच्या घरी आलोय की एखाद्या कारखान्याच्या बॉयलरखोलीत शिरलोय, अशा नजरेने आधी छताकडे आणि मग दाराकडे बघतो. ताईला आता सवय झाली आहे. पाहुणा मान वाकडी करून वाचायला लागला की ती म्हणते, "वाचत बसू नका, चहा गार होतो."

बॉयलरखोलीची आठवण अगदीच चुकीची नाही. भाऊजींची सगळी नोकरी एका सरकारी कारखान्यात गेली. तिथे दरवर्षी सुरक्षा सप्ताह साजरा व्हायचा आणि त्यात घोषवाक्यांची स्पर्धा असायची. मराठी, हिंदी, तेलुगू, तिन्ही भाषांतलं पहिलं बक्षीस भाऊजींचं ठरलेलं. बक्षीस म्हणजे कॅसरोल. ताईच्या माळ्यावर आजही इतके कॅसरोल आहेत की आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाला तिने आहेर म्हणून एकेक दिला, तरी ते संपत नाहीत. सावध राहा, हेल्मेट घाला, हात जपा, असं भाऊजी यमकात सांगायचे आणि सारा कारखाना टाळ्या वाजवायचा. ज्या वर्षी त्यांनी 'सावध' या शब्दाला एकाच वाक्यात तीन यमकं जुळवली, त्या वर्षी बक्षीस घेऊन परत येताना ते स्कूटरसकट गटारात गेले. कॅसरोलला ओरखडाही आला नाही. ताई रोजच्या पोळ्या त्यातच ठेवते.

ते गटारात का गेले हे सगळ्यांना माहीत होतं. दारू पिणारा माणूस घरात गोंधळ घालतो, ताटं फेकतो, असा एक समज आहे. भाऊजींनी कधी आवाज चढवला नाही. ते बाथरूममध्ये जायचे आणि कडी लावायचे. बाटली फ्लशच्या टाकीत असायची. ती संपली तरी ते बाहेर यायचे नाहीत, कारण बाहेर ताई असायची, मुलगी असायची, आणि त्या दोघींकडे बघायची त्यांना लाज वाटायची. ताई आधी हळू दार वाजवायची, मग जोरात, आणि मग वाजवायचीच थांबली. माझी भाची तेव्हा शाळेत होती. ती बाथरूमच्या दारासमोर सतरंजी टाकून गृहपाठ करायची. बाबा बाहेर आले की पहिली आपण दिसावी, एवढाच त्यामागचा हिशेब. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की दारू वरवरची आहे, तिच्याखाली जुनं औदासीन्य आहे, दोन्हींवर एकदम उपचार करावे लागतील. मग व्यसनमुक्ती केंद्र, गोळ्या, दर आठवड्याची सभा, असं सगळं सुरू झालं.

केंद्रात त्यांना सगळ्यात मोठा धक्का काय बसला असेल, तर तिथल्या भिंतींवरच्या सुविचारांचा. आम्ही भेटायला गेलो तेव्हा चेहरा उतरला होता, आणि हा माणूस आम्हाला काय सांगत होता, तर समोरच्या भिंतीवरचं यमक किती ढिलं आहे. मला वाटलं, झालं, आता हे इथेही स्पर्धा जिंकणार. पण उलटंच झालं. घरी आल्यावर त्यांनी शपथ घेतली की यापुढे आयुष्यात यमक जुळवायचं नाही. त्यामागे त्यांचा सिद्धांत आहे आणि तो ते कुणालाही, विचारलं नाही तरी, सांगतात. "यमक जुळलं की माणूस वाक्याला टाळी देतो. टाळी दिली की त्याला वाटतं, आपलं काम झालं. मी इतकी वर्षं लोकांच्या टाळ्या घेतल्या, आणि एकाचंही बोट वाचवलं नाही." सकाळी फोनवर येणाऱ्या सुप्रभात संदेशांचा तर त्यांना भयंकर राग आहे. उगवता सूर्य आणि गुलाब पाहिला की ते न वाचताच पुसून टाकतात. म्हणतात, फुलाशेजारी ठेवलेलं वाक्य कामाला जात नाही, हळदीकुंकवाला जातं.

त्यांची पाटी बनवायची रीत कारखान्यातलीच आहे, फक्त कारखाना बदलला. पाटी डोळा जातो तिथे लावायची नाही, हात जातो तिथे लावायची. वाक्य एवढं सोपं हवं की डोकं बंद पडलेल्या माणसालाही करता आलं पाहिजे. 'खंबीर राहा' अशी पाटी ते कधीच करणार नाहीत. "खंबीर राहायला नेमकं काय हलवायचं असतं?" असं त्यांनी सभेत एका पाहुण्या वक्त्याला विचारलं होतं. नवी पाटी आधी कच्च्या पुठ्ठ्यावर लिहून काही दिवस वापरून बघायची. उपयोग झाला तर पत्र्यावर चढवायची, नाही झाला तर पुठ्ठा रद्दीत. रद्दीत गेलेल्यांत काही फार देखणी वाक्यं होती. मला स्वतःला एकदोन आवडली होती. पण भाऊजींपुढे देखणेपणाची काही किंमत नाही.

'वळ' या पाटीमुळे त्यांना चिक्कडपल्लीला माझ्या घरी यायला अर्धा तास जास्त लागतो. सरळ रस्त्यावर वाइनचं दुकान आहे, म्हणून ते नल्लाकुंट्यावरून वळसा घालून येतात. या वळशात त्यांना रोज भाजी मंडई लागते, त्यामुळे कोथिंबिरीचा भाव त्यांना माझ्याआधी कळतो आणि तो ते मला दारातच ऐकवतात. संध्याकाळी सातची वेळ त्यांची अवघड. त्या वेळेसाठी स्वयंपाकघरात पाटी आहे, 'हात पिठात घाल.' पिठात हात असलेल्या माणसाला ना पाकीट काढता येतं ना कडी लावता येते, हा त्यामागचा विचार. पहिली काही वर्षं त्यांच्या पोळ्यांना जगातल्या सगळ्या देशांचे आकार असायचे. आता त्या ताईच्या पोळ्यांपेक्षा गोल होतात आणि ताई ते मान्य करत नाही.

मलाही त्यांनी एक पाटी दिली आहे. मी मागितली नव्हती. माझ्या ऑफिसात त्या दिवसांत बदल्या चालल्या होत्या, घरी सासूबाईंचा पाय मोडलेला, आणि मी जरा तापलेली असायचे. भाऊजी एक दिवस आले, कोथिंबिरीचा भाव सांगितला आणि पिशवीतून पिवळा पत्रा काढून ओट्यावर ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'आज एकालाच रागाव.' मी ती पाटी गॅसच्या सिलिंडरमागे टाकली. संध्याकाळी परत आले तर माझ्या यजमानांनी ती काढून, पुसून, मसाल्याच्या फळीवर उभी केली होती. अजून तिथेच आहे. उपयोग होतो असं मी कुणाला सांगितलेलं नाही.

तर अशा या घरात भाचीचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा तिच्याच कंपनीतला, तेलुगू, घरचे जिल्ह्याच्या गावचे शेतीवाले. मुलगा चांगला होता, त्याला सगळं माहीत होतं. प्रश्न होता त्याच्या वडिलांचा. ते पहिल्यांदा घर बघायला येणार होते आणि भाची माझ्याकडे येऊन बसली. तिला बाबांची लाज वाटत नव्हती, हे तिने मला दोनदा सांगितलं. तिला भीती वाटत होती. पाट्या बघून लोक काही विचारतील, बाबा खरं ते सगळं सांगून टाकतील, लग्न मोडेल, आणि लग्न आपल्यामुळे मोडलं म्हणून बाबा पुन्हा कडी लावून बसतील. एवढा सगळा जिना ती मनातल्या मनात उतरून आली होती. म्हणाली, "मावशी, एका दिवसापुरत्या काढून ठेवू या ना. तू बोल त्यांच्याशी."

मी बोलले. भाऊजींनी वाद घातला नाही. स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि एकेक पाटी उतरवून पोत्यात भरली. पाट्या गेल्या आणि भिंतींवर जागोजाग फिकट चौकोन उरले. ते झाकायला मी घरून माझी दोन निसर्गचित्रं, एक कॅलेंडर आणि आरशांच्या टिकल्यांचं एक तोरण नेलं. दुपारपर्यंत ते घर चारचौघांच्या घरासारखं दिसायला लागलं. भाऊजी मात्र हरवल्यासारखे फिरत होते. फ्रीज उघडून उभे राहायचे आणि काय घ्यायचं ते विसरायचे.

व्याही आले. धिप्पाड गृहस्थ, पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. हिंदी आमच्या हैदराबादेचीच, 'हौ' आणि 'नक्को'वाली, त्यामुळे अडचण आली नाही. चहा झाला, पोहे झाले, आणि त्यांनी हात धुवायला कुठे जाऊ असं विचारलं. ताईने बाथरूम दाखवलं. ते आत गेले आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळाने, तोंडावरून पाणी निथळत, घाईघाईने बाहेर आले. मग माझ्या निसर्गचित्राकडे बघत बसले. जाताना त्यांनी नमस्कार केला आणि घरी विचार करून कळवतो म्हणाले.

ते लिफ्टमधून खाली पोहोचले नसतील, तोच भाची बाथरूममधून बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आम्ही सगळं घर पालथं घातलं होतं, पण बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला कुणी पाहिलंच नव्हतं. दार उघडं असलं की ती बाजू भिंतीला टेकते. ती पाटी दिसते फक्त आतून कडी लावणाऱ्या माणसाला. आणि घरातल्या सगळ्यांना, भाऊजींनाही, ती इतकी पाठ होती की ती पाटी आहे हेच कुणाला आठवलं नव्हतं. भाऊजींनी केलेली ती सगळ्यात पहिली पाटी:

'तोंड धुतलंस ना? मग बाहेर ये. बाहेर माणसं आहेत.'

पाहुण्याला अरे-तुरे करून बाथरूमबाहेर हाकलायची याहून स्पष्ट तऱ्हा मला तरी सुचली नसती. हिंदी वाचणाऱ्याला तेवढं मराठी वाचता येतंच. भाची रडायला लागली. ताईने कपाळावर हात ठेवला. भाऊजी विचार करून म्हणाले, "चष्मा गाडीत राहिला असेल त्यांचा." त्यानंतर कित्येक दिवस तिकडून फोन नव्हता. आला तेव्हा होकाराचा आला, आणि चष्मा गाडीतच राहिला होता यावर घरात एकमत झालं.

पाट्या मात्र पोत्यातच राहिल्या. लग्न होईपर्यंत लोकांची ये-जा असणार, उगाच प्रश्न नकोत, असं भाऊजी स्वतःच म्हणाले. भाची म्हणाली लावा, ताई म्हणाली लावा, तरी त्यांनी लावल्या नाहीत. मुलीला एकदा तरी साधा बाप मिळावा असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असावं. सभेला ते जात होते, गोळ्या घेत होते. पण चपला घालताना रॅकवरच्या फिकट चौकोनावर बोट टेकवून मग बाहेर पडायचे. मी ते पाहिलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

लग्न हैदराबादेत नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी व्याह्यांच्या गावी दुपारची दावत होती. शेतात मांडव, मटणाचे हंडे, आणि ताडाच्या झाडावरून सकाळीच उतरवलेली ताडी. त्या भागात व्याह्याने व्याह्याला ताडपत्राच्या द्रोणातून ती द्यायची असते. त्याशिवाय दोन घरांचं नातं पक्कं झालं असं धरत नाहीत. हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. व्याही स्वतः हंड्यांपाशी होते. द्रोण भरून आणला त्यांच्या थोरल्या भावाने. ऐंशीच्या घरातले, मिशा पांढऱ्या, अतिशय प्रेमळ. भाऊजींनी हात जोडून नक्को म्हटलं. म्हाताऱ्यांना ती लाजरी रीत वाटली. त्यांनी द्रोण भाऊजींच्या हातातच दिला आणि म्हणाले, "क्या बावगारू, हमारे हाथ का नै लेते?" बावगारू म्हणजे तिकडचे व्याहीबुवा. मांडवातले सगळे हसले आणि वाट बघू लागले.

भाऊजी द्रोणाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी तो माझ्या हातात दिला, अगदी सावकाश, एक थेंब सांडू न देता, आणि म्हणाले, "हात धुऊन येतो." घरामागे पत्र्याचं बाथरूम होतं. ते तिकडे गेले, आणि कडी लागल्याचा आवाज मांडवापर्यंत आला.

मी ताईकडे पाहिलं. ती पानावर बसल्या जागी ताठ झाली होती. तो आवाज तिला किती वर्षं माहीत आहे. ती उठली नाही. दार वाजवणं तिने फार पूर्वी सोडलं होतं आणि आता मुलीच्या सासरी, एवढ्या लोकांत, ते पुन्हा सुरू करायची तिच्यात ताकद नव्हती. लांब मांडवाच्या टोकाला भाची नवऱ्याशेजारी उभी होती; तिचेही डोळे त्या पत्र्याच्या दारावर. त्या दाराच्या आत पाटी नव्हती. आत बाटली नव्हती हे मला माहीत होतं. पण बाटली शोधायला त्या माणसाला फार लांब जावं लागलं नसतं. ती झाडाझाडाला टांगलेली होती. मी द्रोण हातात धरूनच मागे गेले.

तेवढ्यात व्याही आले. त्यांनी माझ्या हातातल्या द्रोणाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग दाराच्या अगदी जवळ जाऊन, एकेक शब्द पारखत, तेलुगू हेलात म्हणाले,

"तोंड धुतलंस ना. मग बाहेर ये. बाहेर माणसं आहेत."

व्याह्याला 'ये' म्हणणारा व्याही मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. आत नळ सुरू झाला, बंद झाला, आणि कडी निघाली. भाऊजी बाहेर आले. तोंड ओलं, डोळे लाल, पण पाऊल सरळ. व्याह्यांनी खांद्यावरचा पंचा त्यांना दिला. भाऊजींनी तोंड पुसलं आणि विचारलं, "आप पढे थे?"

"उसी दिन पढा," व्याही म्हणाले. "इसीलिए तो हौ बोला."

त्यांनी माझ्या हातातला द्रोण घेतला, आंब्याच्या मुळाशी ओतला, मांडवात जाऊन त्यात ताक भरलं आणि सगळ्यांसमोर भाऊजींच्या हातात दिलं. थोरले भाऊ कुरकुरले की हे तर मज्जिगा आहे. व्याही तेलुगूत काहीतरी म्हणाले, त्यावर म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि स्वतःसाठीही ताक मागवलं. भाऊजींनी द्रोण रिकामा केला. ताईने तेव्हा कुठे पहिला घास उचलला.

निघताना व्याही गाडीपर्यंत आले. मग थोडे घुटमळले आणि म्हणाले, दाराची ती पाटी हमको देओ. मग वरच्या मजल्याकडे बोट केलं. त्यांचा धाकटा भाऊ तिथे राहतो. व्यसन काही नाही. शहरातली नोकरी सुटली तेव्हापासून खोलीतून खाली येत नाही. ताट वर जातं, ताट खाली येतं. पुतण्याच्या लग्नालाही उतरला नव्हता. ही माहिती त्यांनी लग्नाआधी आमच्यापासून लपवली होती, लोक काय म्हणतील म्हणून. हे ऐकून भाचीला आधी हसू आलं आणि मग तिने सासऱ्यांना वाकून नमस्कार केला.

भाऊजींनी पुढच्याच आठवड्यात पोत्यातल्या सगळ्या पाट्या परत जागेवर लावल्या आणि बाथरूमच्या दाराची तेवढी उतरवून गावी पाठवली. सोबत बजावलं की डॉक्टरांना दाखवा, पाटी डॉक्टरच्या जागी नसते. आणि पाटी वाचायला त्याला सांगू नका, मोठ्याने तुम्हीच वाचा, तुमच्या तेलुगूत, रोज, जेवायच्या वेळी. "लिहिलेलं माझ्या कामाला यायचं," ते मला म्हणाले, "पण त्या दिवशी कुणीतरी म्हटलं, तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी ते एकट्याच्याच आवाजात वाचत होतो."

परवा ते नल्लाकुंट्यावरून वळसा घालून आले आणि कोथिंबिरीचा भाव सांगायला विसरले. गावाहून फोन आला होता. धाकटा भाऊ खाली आला होता.

"मग?" मी विचारलं.

"भात खाल्ला. परत वर गेला."

"मग त्यात एवढं काय?"

"म्हणजे काय, मेव्हणीबाई? जिना सापडला ना त्याला."

ताईच्या बाथरूमच्या दारावर आता चार स्क्रूंची चार भोकं आहेत. नवी पाटी करा म्हटलं तर भाऊजी ऐकत नाहीत. त्यांना आत जरा उशीर झाला की ताई स्वयंपाकघरातून, हातातलं काम न थांबवता, तेच वाक्य म्हणते, आणि ते येतात. उघडी भोकं मला बघवत नाहीत, म्हणून मी ती बुजवायला पुट्टीचा डबा घेऊन गेले होते. भाऊजींनी त्या भोकांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, राहू द्या. मी रागावणार होते. पण त्या दिवशी सकाळीच एकाला रागावून झालं होतं. पुट्टीचा डबा तसाच परत आणला. मसाल्याच्या फळीवर आहे, पाटीशेजारी. एव्हाना वाळून गेला असेल.